अपरं नाक: फिलर घ्यावं की शस्त्रक्रिया करावी?

अपरं नाक म्हणजे शेंडा वर वळलेला आणि समोरून पाहताच नाकपुड्यांची भोकं दिसणारी. दिसायला तक्रार एकच असली, तरी ती तीन वेगळ्या कारणांनी निर्माण होते, आणि फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भर घालणारा पदार्थ, पुरेल की शस्त्रक्रियाच लागेल हे त्या कारणावर ठरतं. म्हणून आधी आपलं नाक नीट पाहा.

बाजूने फोटो काढा. तो दुसऱ्या कुणीतरी दीड-दोन मीटर अंतरावरून, झूम करून काढावा. जवळून घेतलेल्या सेल्फीत नाकाची प्रमाणं बिघडतात, आणि हनुवटी जराशी वर गेली तरी कुठलंही नाक अपरं दिसतं. मान सरळ, नजर समोर. आता वरचा ओठ आणि दोन नाकपुड्यांमधली पट्टी यांच्यातला कोन पाहा. तो बायकांमध्ये साधारण 95 ते 110 अंश आणि पुरुषांमध्ये 90 ते 95 अंश असतो. 115 च्या पुढे गेला, तर शेंडा जास्त फिरलेला आहे असं म्हणता येतं. बाजूने पाहताना नाकपुडीच्या कडेखाली मधली पट्टी 2 ते 4 मिलिमीटर दिसणं नेहमीचंच आहे.

पहिल्या प्रकारात शेंडा ठीक असतो, पण डोळ्यांच्या मधलं नाकाचं मूळ खोल असतं. भुवयांमधून उतरणारी रेषा डोळ्याच्या वरच्या पापण्यांच्या पातळीवर वळायला हवी, ती खाली वळते. त्यामुळे नाक आखूड आणि वर वळलेलं भासतं. दुसऱ्या प्रकारात शेंडा खरोखरच वर फिरलेला असतो. तो चिमटीत धरून हलकेच खाली ओढला तर सहज येतो, म्हणजे त्वचा आणि आतलं अस्तर सैल आहे. तिसरं आकसलेलं नाक. आधीच्या शस्त्रक्रियेत कूर्चा जास्त कापली गेली, सिलिकॉनच्या इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळलं, किंवा मार लागून नाकाच्या आतल्या मधल्या पडद्यात साठलेलं रक्त वेळेवर काढलं गेलं नाही, तर नाक आतून ओढलं जातं. हा शेंडा ओढूनही खाली येत नाही.

फिलर काय करतं

फिलरने शेंडा खाली येत नाही. जिथे कमी आहे तिथे भर घालून ते नजरेला लांबी दाखवतं, एवढंच. वापरायचं ते हायलुरॉनिक ॲसिडचं, कारण हायलुरोनिडेज टोचून ते विरघळवता येतं. सिलिकॉनसारखी कायमची फिलर नाकात घेऊ नयेत. काही चुकलं तर ती सहज काढता येत नाहीत.

मुळाशी 0.2 ते 0.4 मिली टोचलं की नाक वरून सुरू झाल्यासारखं दिसतं. शेंड्याच्या खालच्या भागात अगदी थोडं, 0.1 ते 0.2 मिली, भरलं की भोकं जरा झाकली जातात. एकूण प्रमाण सहसा 1 मिलीच्या आत राहतं. काम 15 ते 30 मिनिटांचं. परिणाम साधारण 6 ते 18 महिने टिकतो.

इथे एक चूक वारंवार होते. नाकाच्या पायथ्याशी, म्हणजे ओठ आणि मधली पट्टी जुळतात तिथे, फिलर भरलं तर तो कोन आणखी उघडतो. लोंबणाऱ्या शेंड्यासाठी ही युक्ती बरोबर आहे, पण अपऱ्या नाकावर उलटी पडते. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचंही तसंच. शेंडा खाली ओढणाऱ्या स्नायूत ते टोचलं तर शेंडा वर जातो. हसताना वरचा ओठ आणि नाकपुड्या जास्त उचलल्या जात असतील, तर उचलणाऱ्या स्नायूत थोडं बोटॉक्स दिल्याने तेवढ्यापुरता फरक पडतो आणि तो तीन-चार महिन्यांत ओसरतो. त्वचेखाली घालायच्या धाग्यांचा उपयोग मुख्यतः शेंडा उचलायला होतो, त्यामुळे या तक्रारीसाठी त्यांचा विचार सोडून द्या. क्लिपा आणि मालिश यांनी मोठ्या माणसाची कूर्चा वळत नाही.

फिलर सोपं दिसतं, तरी चेहऱ्यावर ते टोचण्याच्या सर्वांत धोकादायक जागांपैकी नाक एक आहे. नाकावरच्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर त्यांच्यात शिरलं तर त्वचा मरू शकते, आणि क्वचित दृष्टी जाते. म्हणून ते मध्यरेषेत, हाड किंवा कूर्चेला लागून खोलवर, हळू आणि थेंबाथेंबाने द्यायचं असतं. टोचताना किंवा नंतर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे जांभळट डाग उमटले, नेहमीपेक्षा फार दुखलं किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. दृष्टीच्या बाबतीत हाताशी मिनिटंच असतात. हायलुरोनिडेज खोलीत तयार ठेवलेलं नसेल तिथे नाकात फिलर घेऊ नका.

शस्त्रक्रिया काय करते

शेंडा खरोखर खाली आणते ती शस्त्रक्रिया. नाक लांब करणं हे उंचवटा घासून कमी करण्यापेक्षा बरंच अवघड असतं, कारण इथे काढायचं नसून आधार उभारायचा असतो आणि ताणलेली त्वचा त्याला सतत मागे ढकलत राहते. ज्याच्या कामात लांबी वाढवलेली नाकं कमी आहेत, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

बहुतेक वेळा मधल्या पट्टीवर छोटा छेद घेऊन नाक उघडतात. शेंड्याच्या कूर्चा वरच्या कूर्चांपासून सोडवतात, म्हणजे त्या खाली सरकायला मोकळ्या होतात. मग पडद्याच्या पुढच्या टोकाला कूर्चेची पट्टी पक्की शिवून तो लांब करतात आणि शेंडा त्या नव्या टोकावर बसवतात. मूळ खोल असेल तर तिथेही थोडी भर घालतात. नाकपुडीची कड वर ओढली गेली असेल, तर कानाची त्वचा आणि कूर्चा एकत्र घेऊन तिथे लावतात.

पडदा लांब करायची कूर्चा पहिल्यांदा पडद्यातूनच घेतात, पण नाकाचा डोलारा टिकावा म्हणून वरून आणि पुढून निदान 1 सेंटिमीटर रुंद पट्टी शिल्लक ठेवावी लागते. ती पुरली नाही तर कान. कानाची कूर्चा वाकडी आणि मऊ असल्याने तिच्यावर फार ताण देता येत नाही. आकसलेल्या नाकाला बहुधा बरगडीचीच लागते. ती भक्कम असते, पण पुढे वाकू शकते, छातीवर व्रण राहतो आणि काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा छोटा धोका असतो.

काम साधारण 2 ते 4 तासांचं, बरगडी घेतली तर जास्त, आणि बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन. टाके आणि पट्टी आठवड्याभरात निघतात, काळेनिळेपणा 10 ते 14 दिवसांत उतरतो, चष्म्याचं वजन 4 ते 6 आठवडे नाकावर नको. शेंड्याची सूज सर्वांत शेवटी उतरते. खरा आकार दिसायला वर्ष लागतं. शेंडा पूर्वीपेक्षा कडक लागतो आणि हसताना कमी हलतो. हा बिघाड नव्हे, आधाराची किंमत आहे, आणि ती आधी माहीत असायला हवी. खरा बिघाड म्हणजे कूर्चेची पट्टी एका बाजूला झुकून शेंडा वाकडा होणं, जंतुसंसर्ग, आधार विरून शेंडा परत वर जाणं. ताण जास्त पडला तर शेंड्याची त्वचाही संकटात येते. धूम्रपानाने हा धोका वाढतो, म्हणून ते आधी आणि नंतर किमान 4-4 आठवडे बंद हवं.

कोणाला काय

मूळ खोल आणि शेंडा ठीक असेल तर फिलर खरोखर चांगला पर्याय आहे. शस्त्रक्रियेनंतर कसं दिसेल याचा अंदाजही त्यातून येतो. शेंडा फिरलेला आणि त्वचा सैल असेल तर शस्त्रक्रियाच योग्य; फिलरने भोकं झाकायचा अट्टहास केला की शेंडा जाड आणि लोंबता होतो, आणि नाकाच्या मुळाशी दरवर्षी भर घालत गेलं तर कपाळापासून नाकापर्यंत एकच सरळ भिंत दिसू लागते. आकसलेल्या नाकात फिलर टाळावं. तिथल्या रक्तवाहिन्या जागा बदललेल्या असतात, त्वचा व्रणाने आवळलेली असते, आणि त्यामुळे धोका सगळ्यांत जास्त. अशा नाकाची पुन्हा शस्त्रक्रिया करायची तर आधीच्या शस्त्रक्रियेनंतर निदान 12 महिने जाऊ द्यावे, म्हणजे त्वचा मऊ होऊन खाली यायला तयार होते.

वाढीच्या वयात थांबावं: मुलींनी साधारण 15-16 आणि मुलांनी 17-18 वर्षांपर्यंत.

फिलर घेऊन नंतर शस्त्रक्रिया ठरवली, तर ते सर्जनला सांगा, किती आणि कुठे घेतलं तेही. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी ते विरघळवून घ्यावं लागतं, नाहीतर फिलरची भर खरी समजून कूर्चेचं माप चुकतं.