फुल्यांचं आधार: मास्क्ड आधारचा माझा अनुभव

मार्चमध्ये बाबांच्या पेन्शनच्या कागदांसाठी झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. "व्हॉट्सॲपवर टाका ताई, लगेच काढतो," दुकानदार म्हणाला. त्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडचा फोल्डर उघडाच होता. दिवसभरात आलेल्यांची आधार, पॅन, पासबुकं त्यात ओळीने पडलेली. कुणा काकूंचा पत्ता आणि जन्मतारीख मला उभ्या उभ्या वाचता येत होती. बाबांची फाइल डिलीट करा म्हटलं, तर रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "आपल्याकडे असं आहे काय चोरायला?"

हे मला फार लागलं. बाबांची ठेव आहे, पेन्शन आहे, आयुष्यभराची पुंजी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. तो काय फक्त श्रीमंतांसाठी?

त्याच रात्री मास्क्ड आधार, म्हणजे नंबराचे बरेचसे अंक झाकलेलं आधार, काढलं. मायआधारच्या सरकारी साइटवर नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा आणि डाउनलोड करताना मास्क्डवर टिक करायची. पैसे लागत नाहीत. पहिल्या आठ अंकांच्या जागी फुल्या येतात, शेवटचे चार दिसतात. फोटो, पत्ता, क्यूआर कोड तसाच राहतो. मोबाइल आधारला जोडलेला हवा. बाबांचा जुना नंबर बंद होता, त्यात आमची एक अख्खी सकाळ गेली.

डाउनलोड झालेल्या पीडीएफचा पासवर्ड मात्र मला पटला नाही. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ओळखीतला कुणीही तो सहज लावेल. त्यामुळे ही पीडीएफसुद्धा मी दुकानात पाठवत नाही, घरून प्रिंट नेते.

चालतं का? बहुतेक ठिकाणी चालतं. देवदर्शनाला गेलो तिथल्या लॉजवर मॅनेजर अडून बसला, "पूर्ण नंबर लागतो." मी म्हटलं, "दादा, ओळख पटवायची तर फोटो आणि पत्ता आहे ना? नंबराचं तुम्ही काय करणार?" त्याने मालकाला फोन लावला आणि मग मुकाट्याने खोलीची किल्ली दिली. जिथे कायद्यानेच पूर्ण नंबर द्यावा लागतो, तिथे मी देते. पण आधी विचारते.

याच साइटवर बोटांचे ठसे लॉक करायचीही सोय आहे, म्हणजे आपण उघडेपर्यंत ठशावर आधारची पडताळणी होत नाही. ती मला जास्त मोलाची वाटते. दस्तनोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. बाबांनी दोन वर्षांपूर्वी गावचा प्लॉट विकला, तेव्हा त्यांचेही ठसे कागदावर गेलेच. आता ते लॉक असतात, रेशनच्या दिवशी तेवढे उघडते.

परवा बँकेत जायला निघालो, तर पिशवी घेताना बाबाच म्हणाले, "ते फुल्यांचं घेतलंस ना?"