लिनक्सवर लाँचर कोणता घ्यावा? सुरू केलेल्या प्रोग्रॅमचं पुढे काय होतं, त्यावरून निवड

अंबडच्या छोट्या कॅड ऑफिसात, पंचवटीतल्या डीटीपीवाल्याकडे आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडे लिनक्स बसवून दिलं की थोड्या दिवसांत हमखास विचारणा येते: मेन्यूत माऊस फिरवण्यापेक्षा दोन अक्षरं टाइप करून प्रोग्रॅम उघडायचाय, त्यासाठी लाँचर कुठला घेऊ? यूलाँचर, अल्बर्ट, रोफी, फझल, की डेस्कटॉपसोबत आलेलाच ठेवू? बहुतेक जण शोध किती चपळ आहे आणि थीम कशी दिसते ते बघून ठरवतात. शोध सगळ्यांचाच पुरेसा चांगला आहे. खरा फरक पडतो तो एंटर दाबल्यानंतर. प्रोग्रॅम कुणाच्या पदरात पडतो, त्याला कोणतं वातावरण (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे सुरू होताना मिळणाऱ्या नावानिशी सेटिंग) मिळतं आणि लाँचर बंद पडला तर तो जगतो का, हे आधी बघावं.

सगळ्यात त्रासाची तक्रार अशी असते: लाँचर अपडेट झाला किंवा अडकला म्हणून रीस्टार्ट केला आणि त्यातून उघडलेला इंकस्केप, फ्रीकॅड, ब्राउझर सगळे एकदम गेले. सेव्ह न केलेली पत्रिकाही गेली. लोक म्हणतात, पालक प्रोसेस (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) मेली म्हणून मुलं मेली. लिनक्समध्ये तसं होत नाही. पालक गेला की पोरकी प्रोसेस इनिटकडे (सगळ्यात पहिल्या प्रोसेसकडे) किंवा वापरकर्त्याच्या सिस्टमडीकडे (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेकडे) दत्तक जाते आणि चालू राहते. मारतो तो सीग्रुप, म्हणजे कर्नलने एकत्र धरलेला प्रोसेसचा गट. लाँचर सिस्टमडीची यूजर सर्व्हिस (वापरकर्त्यासाठी पार्श्वभूमीत चालणारी सेवा) म्हणून चालत असेल, तर त्याने सुरू केलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच सर्व्हिसच्या सीग्रुपमध्ये जन्मतो. सर्व्हिस थांबवताना कुणाला मारायचं ते ठरवणाऱ्या किलमोड या सेटिंगचं मूळ मूल्य ‘कंट्रोल-ग्रुप’ असल्यामुळे गटातल्या प्रत्येकाला आधी सिगटर्म (बंद होण्याची सूचना) जातो आणि मुदत संपूनही कुणी उरला तर सिगकिल (सक्तीने बंद). ती मुदत साधारणपणे ९० सेकंदांची असते. प्रोग्रॅम दोनदा फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) किंवा नवं सेशन उघडून वेगळा केला तरी सीग्रुप बदलत नाही. म्हणूनच नोहप, सेटसिड असे प्रोग्रॅमला टर्मिनलपासून तोडणारे जुने उपाय इथे लागू पडत नाहीत.

यावर डेस्कटॉपसोबत आलेले लाँचर सर्वांत भक्कम आहेत. ग्नोम शेल प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र स्कोप (सिस्टमडीत नोंदलेला वेगळा सीग्रुप) काढून देतो, त्याचं नाव ‘अ‍ॅप-ग्नोम’ने सुरू होतं. केडीई प्लाझ्मात केरनर (प्लाझ्माचा स्वतःचा लाँचर) किंवा मेन्यूतून उघडलेला प्रोग्रॅम नव्या सिस्टमडीवर स्वतंत्र सर्व्हिस म्हणून चालतो, त्यामुळे प्लाझ्मा शेल मध्येच रीस्टार्ट झाला तरी उघड्या खिडक्यांना धक्का लागत नाही.

स्कोप आणि सर्व्हिस यांतला फरक निवड करणाऱ्याने समजून घ्यावा. स्कोपमध्ये प्रोग्रॅम लाँचरच सुरू करतो, मग त्याला वेगळ्या गटात हलवलं जातं. म्हणून लाँचरचं वातावरण आणि आउटपुटची वाट त्याला तशीच मिळते. सर्व्हिस मात्र सिस्टमडी स्वतः सुरू करतो, आणि तिचा आउटपुट जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) जातो. प्रोग्रॅम उघडता उघडता कोसळत असेल तर जर्नल फार मोलाचा, कारण एररची ओळ तिथे सापडते. एखादा जुना प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून नीट वागत नसेल, तर ‘केडीई-अ‍ॅप्लिकेशन्स-अ‍ॅज-स्कोप’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ देऊन प्लाझ्माला स्कोपवर आणता येतं.

यूलाँचर आणि अल्बर्ट हे सतत पार्श्वभूमीत चालणारे. एक्स्टेन्शन, कॅल्क्युलेटर, फाइलशोध, स्वतःचे शॉर्टकट यांसाठी लोक त्यांच्याकडे वळतात, आणि त्या सोयी खरोखर कामाच्या आहेत. पण लाँचर सतत चालू म्हणजे त्याचं आयुष्य आणि तुमच्या प्रोग्रॅमांचं आयुष्य एकत्र बांधलं जाण्याची शक्यता जास्त. तुम्ही तो कसा सुरू करता यावर बरंच ठरतं. प्लाझ्मामध्ये ऑटोस्टार्टमध्ये टाकलेली गोष्टसुद्धा सिस्टमडीमार्फतच सुरू होते, त्यामुळे ‘मी सर्व्हिस केलीच नाही’ असं म्हणून चालत नाही.

नेटवर यासाठी सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सर्व्हिसच्या फाइलमध्ये किलमोड ‘प्रोसेस’ करणे. त्याने रीस्टार्टला प्रोग्रॅम वाचतात, हे खरं. पण ते त्याच गटात राहतात, आणि इथे दुसरा धोका आहे. मेमरी संपायला आली की सिस्टमडी-ऊमडी एकेक प्रोसेस न मारता पूर्ण सीग्रुप मारतो. फेडोरा ३४ पासून आणि उबंटू डेस्कटॉपच्या २२.०४ पासून तो आपोआप चालू असतो. ८ जीबीच्या मशीनवर मोठ्या फ्लेक्सची फाइल आणि ब्राउझरचे वीसेक टॅब एकाच गटात असतील, तर एकाच्या खादाडपणाची शिक्षा सगळ्यांना. म्हणून किलमोडला हात लावण्यापेक्षा प्रत्येक प्रोग्रॅम सिस्टमडी-रन या कमांडने यूजर स्कोपमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करा. लाँचरमध्ये तशी सोय आहे का, हा माझ्या मते निवडीचा पहिला निकष.

रोफी, डीमेन्यू, फझल यांची जात वेगळी. ते उघडतात, निवड घेतात आणि संपतात. रीस्टार्ट करायला मागे काही उरतच नाही, त्यामुळे वरची तक्रार त्यांच्याबाबत जवळजवळ येत नाही. पण आयथ्री किंवा स्वे या विंडो मॅनेजरांच्या की-बाइंडिंगमधून (ठरवलेल्या शॉर्टकटमधून) उघडलेले असल्याने सगळे प्रोग्रॅम सहसा सेशनच्या एकाच स्कोपमध्ये गोळा होतात, म्हणजे मेमरीचा प्रश्न तसाच राहतो. फझलमध्ये ‘लाँच-प्रीफिक्स’ नावाची सेटिंग आहे आणि रोफीत ‘रन-कमांड’चा साचा देता येतो. दोन्हीकडे पुढे सिस्टमडी-रनचा स्कोप जोडला की काम झालं. डीमेन्यू पाथमधल्या (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांतल्या) एक्झिक्युटेबलची नावं दाखवतो आणि निवडलेलं शेलकडे सोपवतो. डेस्कटॉप फाइल (मेन्यूतली प्रोग्रॅमची नोंद) तो वाचतच नाही, त्यामुळे फ्लॅटपॅकचे (वेगळ्या पॅकेजमधून बसवलेले) प्रोग्रॅम त्यांच्या ओळखीच्या नावाने त्यात दिसत नाहीत. ज्याला हाताने जुळवाजुळव करायला आवडते त्याच्यासाठी तो ठीक, ऑफिसात मी तो बसवत नाही.

आता वातावरणाची गोष्ट, कारण आपल्याकडे मराठी टायपिंगमुळे ती लगेच उघडी पडते. एक्स११ वर (जुन्या ग्राफिक्स व्यवस्थेवर) आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम लावून टर्मिनलमधून स्क्रायबस उघडला तर मराठी उमटतं, लाँचरमधून उघडला तर उमटत नाही. दोष फाँटचा नाही आणि आयबसचाही नाही. आयबससाठीची व्हेरिएबल्स बॅश-आरसीमध्ये (बॅश शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहिलेली असतात आणि ती फाइल फक्त इंटरॅक्टिव्ह शेल वाचतो. लाँचर ग्राफिकल सेशनमधून येतो, त्याला त्यातलं काहीच माहीत नसतं. पायथन किंवा नोडचा पाथ तिथेच लिहिलेल्या विद्यार्थ्यांचा एडिटर ‘कमांड सापडली नाही’ म्हणतो, तोही याच कारणाने. व्हेरिएबल्स प्रोफाइल फाइलमध्ये किंवा एन्व्हायर्नमेंट-डी फोल्डरमध्ये हलवा आणि पूर्ण लॉगआउट करून परत या. लाँचर बदलून हा प्रश्न सुटत नाही, त्यामुळे यावरून कुठल्याही लाँचरला नापास करू नका. एवढंच लक्षात ठेवा, की काही प्रोग्रॅम डी-बसमार्फत (प्रोग्रॅमांमधल्या निरोपांच्या व्यवस्थेमार्फत) जागे होतात. मग त्यांना लाँचरचं वातावरण मिळतच नाही, डी-बस किंवा यूजर सिस्टमडीचं मिळतं. स्वे किंवा आयथ्रीवर ते हाताने ताजं करावं लागतं.

टर्मिनलमध्ये चालणारे प्रोग्रॅम, उदाहरणार्थ एचटॉप, क्षणभर चमकून जात असतील किंवा उघडतच नसतील तर लाँचरच्या सेटिंगमध्ये टर्मिनलचं नाव तपासा. रोफी आणि फझल दोन्हींत ते देता येतं. प्रोसेसच्या यादीत ‘डिफंक्ट’ दिसलं तर घाबरू नका: प्रोग्रॅम संपलेला आहे, लाँचरने त्याची नोंद घेतलेली नाही, एवढाच अर्थ. लाँचर संपला की ती ओळही जाते.

निवड पक्की करण्याआधी स्वतः तपासा. उघडं काम सगळं सेव्ह करा. लाँचरमधून एखादा साधा प्रोग्रॅम उघडा, त्याचा पीआयडी घ्या आणि प्रॉक फोल्डरमध्ये त्या क्रमांकाखालची ‘सीग्रुप’ फाइल वाचा. तिथे लाँचरचंच नाव दिसलं तर धोका आहे. प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव दिसलं तर निश्चिंत. मग लाँचर रीस्टार्ट करून बघा.

या चाचणीत उबंटूचा फायरफॉक्स वापरू नका. तो स्नॅप (उबंटूचं वेगळ्या प्रकारचं पॅकेज) आहे आणि स्नॅप स्वतःचा स्कोप स्वतः काढतो. फ्लॅटपॅकही तेच करतो. त्यामुळे लाँचर वाईट असला तरी ते वाचतात आणि खोटा दिलासा मिळतो. तसंच आधीपासून उघडा असलेला प्रोग्रॅमही नको. क्रोम किंवा ग्नोम टर्मिनल दुसऱ्यांदा उघडला तर नवी खिडकी जुन्याच प्रोसेसमध्ये येते, म्हणजे तुम्ही तपासत असता तो तुमच्या लाँचरने सुरू केलेलाच नसतो.

डीटीपी, अकाउंट्स, कॅड असं एकच काम दिवसभर चालणाऱ्या मशीनवर मी ग्नोम किंवा प्लाझ्माचा स्वतःचाच शोध ठेवायला सांगतो. आयथ्री वा स्वे आधीच वापरणाऱ्याने रोफी किंवा फझल घ्यावा, वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेल्या व्यवस्थेवर) फझल, आणि पहिल्याच दिवशी स्कोपची जोडणी करावी. यूलाँचर किंवा अल्बर्ट ज्याला त्याच्या एक्स्टेन्शनसाठीच हवा असेल त्याने तो जरूर घ्यावा, पण सीग्रुपची चाचणी पास झाल्यावरच. ती पास होत नसेल आणि स्कोपची सोयही नसेल, तर तो लाँचर फक्त शोध आणि हिशेबासाठी ठेवा, आणि ज्यात न सेव्ह केलेलं काम राहतं ते प्रोग्रॅम डेस्कटॉपच्या मेन्यूतून उघडा.