नैराश्याची गोळी सोडताना: पंधरा दिवसांत की चार-पाच महिन्यांत?

बरं वाटू लागलं, डॉक्टरही बंद करायला हरकत नाही म्हणाले. आता प्रश्न उरतो वेगाचा. एकदम बंद हा पर्याय इथे धरलेलाच नाही. गंभीर दुष्परिणामामुळे डॉक्टरांनीच थांबवली तर गोष्ट वेगळी.

चिठ्ठीवर ‘अर्धी गोळी पंधरा दिवस, मग बंद’ असं असेल, तर तो झटपट मार्ग. उदाहरणार्थ, नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम हे औषध 10 मिलिग्रॅम, मग 5, मग शून्य. गोळी महिना-दीड महिनाच घेतली असेल तर हा बहुतेकांना झेपतो. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधालाही तो बऱ्यापैकी चालतो, कारण ते आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक कित्येक आठवडे रक्तात रेंगाळतात. ते स्वतःच हळूहळू उतरतं. म्हणूनच त्याचा त्रास झालाच तर उशिरा, कधी तीन-चार आठवड्यांनी होतो आणि गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन याच्या उलट. एखाद-दुसरी गोळी चुकली तरी चक्कर, मळमळ, घाम, भलतीच स्वप्नं, मान वळवताना डोक्यात करंट बसल्यासारखा झटका. ही औषधं घेणाऱ्यांनी झटपट मार्गाच्या वाटेला जाऊ नये.

हा मार्ग फसतो तो शेवटच्या टप्प्यात. सिटालोप्राम या एस्सिटालोप्रामच्या भावंड औषधावरच्या मोजमापांत 20 मिलिग्रॅमला मेंदूतले सुमारे 80 टक्के सेरोटोनिन-वाहक (सेरोटोनिन हे रसायन पेशींत परत ओढणारी प्रथिनं; या गोळ्या त्यांनाच अडवतात) अडवलेले दिसतात, 9 मिलिग्रॅमला 70 टक्के आणि जेमतेम सव्वादोन मिलिग्रॅमलाही 40 टक्के. म्हणजे 40 वरून 20 वर येताना फारसं काही बदलत नाही, पण शेवटचा छोटा तुकडा सोडला की धाडकन उतार. ‘अर्धीपर्यंत काही झालं नाही, आता काय होणार’ हा हिशेब इथेच चुकतो.

सावकाश मार्ग याच उतारावर बेतलेला आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2022 ची मार्गदर्शिकाही आधीच्या डोसच्या प्रमाणात कपात करायला सांगते: आधी निम्मा, पुढे त्याहून लहान पायऱ्या. एस्सिटालोप्रामसाठी डॉक्टरांसमोर ठेवण्याजोगा नमुना, मिलिग्रॅममध्ये: 10, साडेसात, 5, अडीच, सव्वा, मग बंद; प्रत्येक पायरीवर साधारण चार आठवडे. 5 ची गोळी मागून घ्यावी. 10 च्या गोळीचे चार तुकडे करण्यापेक्षा 5 च्या गोळीचे दोन करणं सोपं. सुरीने भुगा होतो, म्हणून गोळी कापायची छोटी डबी वापरावी. चतकोर तुकडे कधीच सारखे पडत नाहीत, तेव्हा अडीचच्या खालच्या डोससाठी द्रवरूप औषध मिळेल का ते विचारावं. सीआर किंवा एक्सआर लिहिलेल्या गोळ्या मात्र तोडू-कुटू नयेत. औषध हळूहळू सुटण्याची व्यवस्थाच मोडते.

दिवसाआड गोळी हा सोपा वाटणारा मधला मार्ग खरं तर सगळ्यात वाईट. एस्सिटालोप्राम सुमारे 30 तासांत निम्मं होतं. 48 तासांचं अंतर पडलं की पातळी तिसऱ्या हिश्शावर येते आणि दर दोन दिवसांनी तोच झोका बसतो.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. स्ट्रिपवर एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम हे घबराट शमवणारं औषधही छापलंय का? असेल तर अर्धी गोळी म्हणजे दोन्ही औषधं अर्धी. क्लोनाझेपाम एकदम सुटलं तर फिटही येऊ शकते. डॉक्टरांकडून दोन्ही वेगळी लिहून घ्यावीत आणि एका वेळी एकच कमी करावं.

सावकाश मार्ग सगळ्यांनाच लागतो असंही नाही. 2024 च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, खोट्या गोळीमुळेही दिसणारा त्रास वजा केल्यावर, साधारण सहा-सात जणांत एकालाच गोळी सोडल्याचा त्रास दिसला. पण वर्षानुवर्षं गोळी चालू असेल किंवा आधी सोडताना हाल झाले असतील, तर आमचं मत सावकाशच्या बाजूने. चार-पाच महिने जास्त गेले तर काही बिघडत नाही.

आजार उलटला की गोळीचा त्रास? डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालं, चक्कर-झटक्यांसारखं पूर्वी कधी नसलेलं काही आलं आणि आधीच्या डोसवर परतताच काही दिवसांत ओसरलं, तर तो गोळीचा त्रास. आजार बहुधा आठवड्यांनी, दबक्या पावलांनी येतो. तोही धोका खरा आहे: 2021 च्या एका ब्रिटिश चाचणीत दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांपैकी ती चालू ठेवलेल्या 39 टक्के जणांना, तर सोडलेल्या 56 टक्के जणांना वर्षभरात नैराश्य परतलं.

मुहूर्तही पाहावा. तासगावकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत, कराड-वाळव्यात ऊसतोडीच्या धांदलीत पहिली पायरी उतरू नये. पाटण-महाबळेश्वरकडच्यांनी पावसाळ्याआधी महिन्याभराच्या गोळ्या घरात ठेवाव्यात. डोस कमी केल्यावर पहिला आठवडा खंबाटकी घाटातून दुचाकी नको. जगणं नकोसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.