मेळ्यातला तिरंगी रोलर कोस्टर: गाडी झकास, रंगारी आवरा

२६ जानेवारीच्या निमित्ताने नेरूळला आनंद मेळा भरलाय, त्यातल्या छोट्या रोलर कोस्टरबद्दल लिहितोय. शंभर रुपये तिकीट, तीन फेऱ्या. पैसे वसूल आहेत. तक्रार आहे ती देशभक्तीच्या रंगकामाबद्दल.

एरवी हा आपला जत्रेतला ड्रॅगन. यंदा त्याचा जबडा केशरी, पोट पांढरं, शेपूट हिरवी. पोटावर अशोकचक्र. आमची भाची चौथीत आहे, तिने रांगेतच आरे मोजले. "मामा, सोळाच आहेत. चोवीस पाहिजेत ना?" तिकीटवाल्याला सांगितलं तर म्हणतो, "साहेब, एवढ्याशा जागेत तेवढेच बसतात."

चक्राचं एक वेळ सोडा. खिडकीवर झेंडा रंगवलाय आणि त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर तिकिटाचे दर! झेंड्यावर कसलीही अक्षरं लिहू नयेत, हे ध्वजसंहितेत २००२ पासून स्पष्ट आहे. त्यात डब्यांच्या तळालाही तीन पट्टे ओढलेत, म्हणजे पब्लिकचे बूट थेट त्यावरच. आणि देशभक्तीपर गाणी एवढी मोठ्याने, की गाडी सोडताना पोरगा शिट्टी मारतो ती शेवटच्या डब्यात ऐकूच येत नाही.

गाडी मात्र झकास. मी रबाळे एमआयडीसीत मेन्टेनन्सला, त्यामुळे आधी खाली वाकून चाकं बघितली. रुळावर एक, बाजूने एक आणि रुळाच्या खालून एक, अशी तिन्ही जागेवर होती. खालचं चाक नसेल तर उंचवट्यावर डबा रूळ सोडायला बघतो. चढावर जी खटखट ऐकू येते ती रॅचेटची, चेन तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून. वेल्डिंगही साफ होतं. शिट्टीवाला पोरगा प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा स्वतः ओढून बघत होता. कुठे बनवलाय विचारलं तर म्हणाला, गुजरातमध्ये, सगळा माल इथलाच.

मग हे लिहा ना बोर्डावर! अमेरिकेने स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये 'ग्रेट अमेरिकन रिव्होल्यूशन' उभारला. पोलादी रुळावर उभी गिरकी घेणारा आधुनिक काळातला तो पहिला कोस्टर. नाव अमेरिकन क्रांतीचं, बांधणारा जर्मन, अँटोन श्वार्त्सकोफ. कॅन्सस सिटीत २००६ साली लाल-निळा 'पॅट्रियट' आला, तो बॉलिजर अँड माबियार या स्विस कंपनीचा. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातला 'नायट्रो'सुद्धा त्यांचाच. म्हणजे तिकडे देशप्रेम नावात आणि रंगात, यंत्र परदेशी. आणि इथे अख्खं यंत्र देशी, पण मिरवायचं काय तर सोळा आऱ्यांचं चक्र.

खरं तर देशाचीच राईड करायची असेल तर इमॅजिकातली 'आय फॉर इंडिया' बघा. खुर्ची हवेत लटकते आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर देशभरचा मुलूख खालून सरकत जातो. मेळ्यात ते परवडणार नाही, कबूल. पण रंगारी बदलणं आणि स्पीकर अर्ध्यावर आणणं तर परवडेल?

जाणार असाल तर शक्यतो सोमवार ते गुरुवार जा, शनिवार-रविवार रांग गेटपर्यंत येते. बसायला शेवटचा डबा घ्या. पुढचे डबे उताराला लागले की तो माथ्यावरून खस्सकन ओढला जातो, पोटात गोळा येतो तो तिथेच. पुढे बसलात तर जबड्यासोबत फोटो तेवढा चांगला येतो.