लिंक खरी होती, दार बदललं होतं

बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमच्या आमच्या टीमचे साडेआठ हजार रुपये गेले, आणि ते माझ्या नावाने मागून नेले. रक्कम कुणाला किरकोळ वाटेल. पण डिप्लोमाला असलेल्या पोरांनी चार महिने खर्चातून वाचवून साठवलेले ते पैसे होते. आमच्या असॉल्टरला, म्हणजे पुढे घुसून लढणाऱ्या खेळाडूला, जुना का होईना, बरा फोन घेऊन द्यायचा होता. त्याचा फोन शेवटच्या झोनमध्ये हमखास अडकायचा.

आम्ही सांगली-मिरजेतले पाच जण, चार खेळणारे आणि एक सब्स्टिट्यूट. स्क्रिम्स, म्हणजे टीम-टीममधल्या सरावाच्या मॅच, खेळायच्या तर कस्टम रूम लागते, म्हणजे पासवर्डने उघडणारी खासगी मॅच. रूमचा आयडी आणि पासवर्ड आयोजक मॅचच्या दहा-पंधरा मिनिटं आधी देतो, तोही गेमच्या बाहेर, कुठल्यातरी चॅटवर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शंभर अनोळखी लोकांना आपला नंबर दिसतो. टेलिग्रामच्या गर्दीत आयडी सापडेपर्यंत रूम भरून गेलेली असते. म्हणून आम्ही डिस्कॉर्ड या गेमर्सच्या चॅट अ‍ॅपवर आलो. तिथे नंबर दिसत नाही, टीमला वेगळं व्हॉइस चॅनल मिळतं, कुठली टीम कुठल्या जागी याची स्लॉट लिस्ट आपल्या जागी लागते. ती निवड मला आजही चुकीची वाटत नाही.

घात झाला तो सर्व्हर, म्हणजे डिस्कॉर्डवरचा ग्रुप, निवडताना. आणि मी लिंक कुठल्या तरी अनोळखी मेसेजमधून उचलली नव्हती. एका नावाजलेल्या आयोजकाचा जुना यूट्यूब व्हिडिओ होता, त्याच्याच खाली त्यानेच दिलेली लिंक होती. माझ्या दृष्टीने खात्री तिथेच झाली.

पुढे कळलं ते असं. डिस्कॉर्डवर मोठ्या सर्व्हरला स्वतःच्या नावाची खास लिंक मिळते, पण त्यासाठी सभासदांनी पैसे भरून सर्व्हरला ‘बूस्ट’ द्यावं लागतं. बूस्ट कमी झाले की ती लिंक सुटते आणि दुसरा कुणीही ती आपल्या सर्व्हरला लावू शकतो. जुन्या व्हिडिओंखालची लिंक मात्र तशीच राहते. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जून 2025 मध्ये नेमका हाच प्रकार उघड केला होता. मला त्याचा पत्ता नव्हता. पाटी ओळखीची, आत राहणारा वेगळा.

आत सगळं जागच्या जागी होतं. लोगो तोच, नियम तेच, सभासद अठरा हजार. बाकी चॅनल कुलूपबंद आणि एकच उघडं, व्हेरिफिकेशनचं. बॉट, म्हणजे आपोआप चालणारं खातं, म्हणाला, तुम्ही माणूस आहात हे दाखवायला डिस्कॉर्ड अ‍ॅपमधून हा क्यूआर स्कॅन करा, कोड लवकर संपतो. मी ताईच्या लॅपटॉपवर बसलो होतो, फोन हातात होता. स्कॅन केला. फोनवर स्क्रीन आला, कॉम्प्युटरवरून लॉगिन करताय का. दुसऱ्याने पाठवलेला कोड वापरू नका, अशी सूचनाही त्यावर होती. मॅचला वीस मिनिटं उरली होती. मी होकाराचं बटण दाबलं.

तो व्हेरिफिकेशनचा कोड नव्हताच. डिस्कॉर्ड कॉम्प्युटरवर उघडताना लॉगिनसाठी जो क्यूआर दिसतो, तो समोरच्याने आपल्या स्क्रीनवरून उचलून मला दाखवला होता. मी स्कॅन केला आणि त्याच्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं. पासवर्ड लागला नाही. मी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू ठेवलं होतं, तेही आड आलं नाही, कारण परवानगी माझ्याच फोनने दिली होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते याच्या पुढचं. माझं खातं बंद पडलं नाही. मी नेहमीसारखा बोलत होतो, खेळत होतो आणि दोन दिवस तो माणूस आमच्या गप्पा वाचत होता. फोनसाठी पैसे जमतायत, कुणाकडे किती आहेत, मी मित्रांना ‘भावा’ म्हणतो, सगळं त्याने टिपलं. तिसऱ्या रात्री मी झोपल्यावर माझ्या खात्यातून तिघांना मेसेज गेला: भावा, फोन मिळतोय, दुकानदार उद्यापर्यंत थांबणार नाही, माझं यूपीआय चालत नाही, या क्यूआरवर टाक. दोघांनी तीन-तीन हजार टाकले, सब्स्टिट्यूटने अडीच. एकानेही फोन करून विचारलं नाही. का विचारतील? तीन वर्षांचा विश्वास होता.

सकाळी उलगडा झाल्यावर आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. सब्स्टिट्यूटचे अडीच हजार पुढच्या खात्यात गोठवता आले. बाकीचे रातोरात काढून नेले होते. रात्रीच कळलं असतं तर कदाचित जास्त वाचले असते, म्हणून शंका येताच आधी 1930, मग बाकीचं. व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेने त्याला दिलेला क्रमांक, हाताशी ठेवा, तो विचारतातच.

डिस्कॉर्डचा पासवर्ड मी लगेच बदलला. त्याने सगळ्या उपकरणांवरची लॉगिन तुटतात. सेटिंग्जमध्ये उपकरणांची यादी असते, ती आज उघडून बघा. माझ्या यादीत एक कॉम्प्युटर होता जो आमच्या घरात नाही. आणि खऱ्या व्हेरिफिकेशनसाठी बटण दाबायला सांगतील, चित्रातली अक्षरं टाइप करायला सांगतील. अ‍ॅपमधून क्यूआर स्कॅन करायला सांगितलं की त्या क्षणी बाहेर पडा, मॅच गेली तरी चालेल. सर्व्हरची लिंक आयोजकाच्या या आठवड्यातल्या पोस्टवरून घ्या, जुन्या व्हिडिओखालून नको. सभासदांचा आकडा पाहून हुरळू नका, बॉट भरून तो वाढवता येतो.

आमच्या टीमने आता पैशाची गोष्ट फक्त फोनवर, आवाज ऐकून करायची असं ठरवलंय. दोघांचे तीन-तीन हजार मी हप्त्याने देतोय. ते नको म्हणतात, मी देतोय. असॉल्टर अजून त्याच फोनवर खेळतो.

आयोजकाला मी सगळं कळवलं. त्याने दोन व्हिडिओंखालची लिंक काढली. परवा पाहिलं, आणखी सहा जुन्या व्हिडिओंखाली ती तशीच आहे आणि अजून उघडते.