कॉन्फिडन्स इंटर्व्हल: आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हा मशीनचा किंवा ॲपचा रिव्ह्यू नाही. बीएस्सीला स्टॅट्समध्ये जेमतेम पास झालेला माणूस मी, कॉन्फिडन्स इंटर्व्हलचा (म्हणजे थोड्या नगांवरून सगळ्या मालाची खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असेल तो अंदाज) जो चॅप्टर तेव्हा सरळ ऑप्शनला टाकला होता तोच गेले आठ महिने रोज वापरतोय. जयसिंगपूरकडचं छोटं भडंगाचं युनिट, २०० ग्रॅमची पाकिटं, कप फिलर मशीन (वजनाने नाही, कपाच्या मापाने भरणारं), आणि मी क्वालिटी बघतो म्हणजे काटा, रजिस्टर आणि शिव्या तिन्ही माझ्याकडे.

आधी काय करायचो तर २५ पाकिटं वजन करायची, सरासरी काढायची, २०० च्या वर आली की ओके. मग एकदा सकाळी २०२ आणि दुपारी १९९ आली, मशीनला कुणी हात पण लावला नव्हता, आणि मालक म्हणाले नक्की किती भरतंय ते एकदा सांग की. तिथून हे सगळं सुरू झालं.

सेटअपला खर्च शून्य. सरासरी, एसडी (वजनं सरासरीपासून साधारण किती पसरलीत तो आकडा), एसडीला २५ च्या वर्गमुळाने म्हणजे ५ ने भागायचं, त्याला २.०६ ने गुणायचं (२५ नगांना ९५ टक्क्यांसाठीचा टेबलातला आकडा), आलेला आकडा म्हणजे मार्जिन, ते सरासरीच्या दोन्ही बाजूला लावायचं, झालं. शीटमध्ये कॉन्फिडन्स डॉट टी नावाचं फंक्शन आहे ते एका झटक्यात देतं, पण त्यात ९५ टक्के पाहिजे असेल तर ०.०५, म्हणजे चुकायची मुभा, टाकायचं असतं. मी पहिले चार दिवस ०.९५ टाकत होतो. मार्जिन आलं ०.०२ ग्रॅम. भडंगात एक शेंगदाणा इकडचा तिकडे झाला तरी त्याहून जास्त फरक पडतो, पण मी खुश, मालकांना म्हणलं बघा आपलं मशीन किती परफेक्ट आहे. असो.

आकडे यायला लागले तरी डोक्यात काही शिरत नव्हतं, म्हणजे एकाच सॅम्पलवरून "पुन्हा सॅम्पल घेतलं असतं तर सरासरी किती हलली असती" हे याला कसं कळतं? मग कुठेतरी गॉसेटची गोष्ट वाचली. हा डब्लिनच्या गिनेस दारू कंपनीतला माणूस, कंपनी स्वतःच्या नावाने पेपर छापू देत नव्हती म्हणून "स्टुडंट" नावाने लिहायचा, १९०८ चा टी डिस्ट्रिब्युशनचा (तो २.०६ जिथून येतो ते) पेपर त्याचाच. त्याने काय केलं तर ३००० कैद्यांची मापं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, नीट पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडले. कॉम्प्युटर नाही, काही नाही. म्हणलं आपण पण करू. घरी लोणच्याची रिकामी बरणी होती, जुन्या रजिस्टरातली ३०० वजनं चिठ्ठ्यांवर लिहिली, भाचीला बसवलं, ती चिठ्ठी काढणार, मी लिहिणार, चिठ्ठी परत बरणीत. चार-चारच्या सरासऱ्या पार १९६ पासून २०५ पर्यंत उड्या मारत होत्या, पंचवीस-पंचवीसच्या घेतल्यावर सगळ्या मधे दाटीवाटीने येऊन बसल्या. सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन म्हणजे एवढंच, पाकिटांच्या वजनाचा पसारा वेगळा आणि सरासऱ्यांचा पसारा वेगळा. तीन वर्षं कॉलेजात जे कळलं नाही ते दोन संध्याकाळी आणि एक आईस्क्रीमच्या बोलीवर कळलं.

त्याच चिठ्ठ्यांवर ४० इंटर्व्हल काढली. बरणीची खरी सरासरी मला माहीतच होती, त्यामुळे कोण बरोबर कोण चूक ते तपासता आलं, ३७ मध्ये ती सापडली, ३ मध्ये नाही. आणि त्या तिघांच्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं हो, दिसायला बाकीच्यांसारखीच. मालकांना मी आधी "खरी सरासरी यात असण्याचे चान्सेस ९५ टक्के" असं सांगून ठेवलं होतं ते इथे मोडलं. जत्रेत रिंग टाकून साबण जिंकायचा खेळ असतो ना, साबण जागचा हलत नाही, रिंग हलते. ९५ टक्के हे रिंग टाकणाऱ्या हाताचं, एकदा रिंग पडली की साबण आत आहे नाहीतर बाहेर आहे, आणि आपल्याकडे तर लाईटच गेलेली. मालकांनी लगेच विचारलं मग १०० टक्केवालं नाही का मिळत. मिळतं की, शून्य ग्रॅमपासून हॉपरमध्ये (मशीनवर माल ओतायचं नरसाळं) मावेल तिथपर्यंत.

कमी सॅम्पलवर टीचा आकडा वापरायचा का मोठ्या सॅम्पलवालं साधं १.९६ चालतं हा प्रश्न मला फालतू वाटायचा, पण ५ पाकिटांवर १.९६ लावलं तर ९५ म्हणून सांगितलेलं इंटर्व्हल खरं तर ८८ च्या आसपासच बसतं. २५ ला फरक किरकोळ आहे, तरी टीच वापरा.

आता खरी तक्रार, आणि ती माझ्याबद्दलच आहे. तिसऱ्या महिन्यात एका डिस्ट्रिब्युटरचा फोन, पाकिटं हलकी येतायत. मी शीट उघडून दाखवलं, २०२.६ ते २०३.८, एवढं अरुंद इंटर्व्हल, हलकी कशी असतील! दोन दिवस भांडलो. मग ट्यूब पेटली. मी रोज सकाळी मशीन लागलं की पहिली सलग २५ उचलायचो कारण तेव्हा काटा मोकळा असतो. घरी भडंगाचा डबा उघडला की शेंगदाणे आणि मसाला कुठे असतो? तळाला. हॉपरचं तोंड पण तळालाच. म्हणजे पहिली पाकिटं दाण्यांची, भारी आणि सगळी एकसारखी, म्हणून एसडी फक्त १.५, म्हणून इंटर्व्हल अरुंद. नंतर नुसते फुसके मुरमुरे, कप तेवढाच भरतो पण वजन पडत नाही. फॉर्म्युला बिचारा हे कुठून सांगणार, त्याला वाटतं पाकिटं शिफ्टभरातून चिठ्ठ्या टाकून काढलीत.

गावाकडे पीक कापणी प्रयोग (उत्पन्नाचा अंदाज काढायला शेताचा एक तुकडा कापून तोलतात तो) बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. शेतातला प्लॉट कुठे आखायचा ते रँडम नंबरवरून ठरतं, बऱ्याच पिकांना १० बाय ५ मीटरचा, तुम्हाला बांधाजवळचं चांगलं पीक दिसलं म्हणून तिथे विळा लावता येत नाही. हे असं रँडम पद्धतीने करायचं काम आपल्याकडे उभं करणाऱ्यात पां. वा. सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, लंडनला नेमनच्या हाताखाली शिकलेले. कॉन्फिडन्स इंटर्व्हल मांडणारा तोच हा नेमन. सुखात्मे म्हणजे इतक्या जवळचा माणूस आणि आमच्या पुस्तकात एक ओळ नव्हती.

मग दर वीसेक मिनिटांनी एक पाकीट असं शिफ्टभर घ्यायला लागलो, सुरुवातीची वेळ चिठ्ठी टाकून. पहिल्याच दिवशी सरासरी २००.६, एसडी ४.६, इंटर्व्हल १९८.७ ते २०२.५. दिसायला घाण, पण खरं. आणि अजून एक, हे इंटर्व्हल सरासरीचं आहे, एकेका पाकिटाचं नाही. पाकीटबंद मालाच्या वजनाच्या नियमात दोन्ही बघतात, सरासरी छापलेल्यापेक्षा कमी नको आणि २०० ग्रॅमला एकेका पाकिटात ९ ग्रॅमपर्यंतच सूट. या एसडीवर १९१ च्या खाली शंभरात एक-दोन जाणारच, इंटर्व्हल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या हातात नेमकी तीच पडत होती. त्याला मी फोन करून सॉरी म्हणलं.

मार्जिन अर्धं करायचं तर १०० पाकिटं वजन करावी लागतात, १.९ चं ०.९ होतं आणि पोरं वैतागतात. त्यापेक्षा हॉपर अर्धाच भरायचा आणि आत ढवळणी बसवायची हे स्वस्त पडलं, एसडी अडीचवर आली, त्याच २५ पाकिटांवर मार्जिन १ ग्रॅम. गेला महिनाभर इंटर्व्हलचं खालचं टोक २०० च्या वर राहतंय, दोन दिवस सोडून, आणि त्या दोन दिवसांना मी मशीनला हात लावला नाही, कारण एवढं हलणं नुसत्या सॅम्पलचंही असू शकतं.

बरणी अजून क्वालिटीच्या टेबलावर आहे, लोणच्याचा वास काही गेला नाही. नवीन पोरगं आलं की आधी त्याला चिठ्ठ्या काढायला बसवतो, मग काटा देतो.