पट्टा की अंगठी? दमट हवेत झोप मोजताना

झोप आणि हालचाल यांची नोंद ठेवणारे एखादे साधन घ्यावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे आज मुख्यतः दोन पर्याय असतात: मनगटावरचा पट्टा किंवा बोटातली अंगठी. स्मार्टवॉच हा तिसरा पर्याय. पण रोज नाहीतर दिवसाआड चार्जिंगला लावावे लागणारे घड्याळ नेमके रात्री हातात नसते, म्हणून झोपेपुरता त्याचा विचार मी सुरुवातीलाच सोडून दिला. पट्टा मी दोन वर्षांहून अधिक काळ वापरला आणि अंगठी गेले सव्वा वर्ष वापरतो आहे. दोन्ही कोणत्या कंपन्यांच्या हे मुद्दाम लिहीत नाही, कारण एकेका नगावरून कंपनीला नावे ठेवणे बरे नाही. मी राहतो गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, आणि माझे मत बनले त्यात या हवेचा वाटा मोठा आहे. पुण्या-नाशिकच्या वाचकांनी त्यातून थोडे वजा करून वाचावे.

पंचावन्नी ओलांडल्यावर मला पहाटे तीनला जाग येऊ लागली. डॉक्टरांनी एकूण झोप किती होते असे विचारले तेव्हा मी “पाचेक तास” म्हणालो, त्यावर सोबत आलेल्या पत्नीने दुपारचा दीड तास त्यात धरलेलाच नाही अशी दुरुस्ती तिथल्या तिथे केली. खरे उत्तर आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. तेव्हा माझी गरज झोपेची होती, पावलांची नव्हती. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा तसाही वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये ‘मानपो-केई’ म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’ या नावाचे यंत्र विक्रीला आले आणि त्या नावातला आकडा पुढे जगभर पसरला. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे. ती दिवसातून चार वेळा चढ-उतार करणाऱ्याला चालण्याची आठवण यंत्राने करून द्यावी लागत नाही.

पावलांच्या बाबतीत दोन्ही साधने हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतात आणि दोन्हींची फसगत सारखीच होते. डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी धरून पाखाडी चढलो, तर हात स्थिर म्हणून निम्मी पावले जमेस धरली जात नाहीत. उलट विळीवर नारळ खवणारे माणूस बसल्या जागी फर्लांगभर चालून येते. स्कूटरवरून चिपळूणला जाऊन आलो त्या दिवशी तर खड्ड्यांनी माझ्या खात्यावर दोन हजार पावले जमा केली होती.

झोपेचे तसे नाही. पट्टा आणि अंगठी दोन्ही कातडीत उजेड सोडतात आणि नाडीच्या ठोक्यागणिक परत येणारा उजेड किती कमीजास्त होतो ते टिपतात. बोटात रक्तवाहिन्या कातडीला अधिक जवळ असल्यामुळे तिथे नाडी स्पष्ट मिळते. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर बोटालाच लावायचे होते, ते उगाच नव्हे. (त्यात मात्र उजेड बोटाच्या आरपार जातो आणि अंगठीत तो परतून येतो, तेव्हा दोघांची बरोबरी करू नये.) तरीही या यंत्रांनी सांगितलेली ‘गाढ झोप’ मी मनावर घेत नाही. प्रयोगशाळेत झोप तपासतात तेव्हा डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूच्या लहरी नोंदवतात, डोळ्यांची आणि स्नायूंची हालचाल पाहतात. मनगटाला किंवा बोटाला यातले काहीच कळत नाही, ते फक्त नाडी आणि निश्चलता यांवरून तर्क करते. मी पंधरा रात्री दोन्ही साधने एकदम घालून झोपलो. झोप लागल्याची आणि उठल्याची वेळ बहुतेक रात्री दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने जुळली, गाढ झोपेवर मात्र दोघांचे एका रात्रीही एकमत झाले नाही. ओटीवरच्या झोपाळ्यावर पेपर वाचत पडलो की पट्ट्याला ती झोप वाटे आणि अंगठीला विश्रांती. जेवणानंतरची वीस मिनिटांची डुलकी अंगठी लिहून ठेवते, तर माझा पट्टा तासाच्या आतले काही खिजगणतीत धरत नसे. एवढ्यावरून अंगठी किंचित पुढे म्हणता येईल, पण तेवढ्यासाठी कोणी आठपट पैसे मोजावेत असे मी म्हणणार नाही.

माझ्यापुरते पारडे झुकले ते अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या एका गोष्टीने, आणि ती गोष्ट म्हणजे पट्ट्याखालचा घाम.

पट्टा धाकट्या भावाने गणपतीत मुंबईहून येताना आणला होता. ऑक्टोबरचा उकाडा पट्ट्याने आणि मी सोसला, थंडीत तर हातात काही आहे याचाही विसर पडला. होळीनंतर हवा फिरली. सिलिकॉनचा पट्टा घाम शोषत नाही आणि वारा आत जाऊ देत नाही. सैल बांधावा तर नाडी चुकते, घट्ट बांधावा तर खाली पाणी साचते. आगोटीच्या गडबडीत, लाकडे आणि गवत भरून घेण्याच्या दिवसांत, संध्याकाळी पट्टा सोडला की त्याखालची कातडी भिजवलेल्या वालाच्या सालीसारखी पांढरी आणि सुरकुतलेली दिसे, आणि यंत्राची पाठ जिथे टेकते तिथे नखाएवढा लाल चौकोन उमटलेला असे. डॉक्टरांनी पाहून सांगितले की ही सिलिकॉनची अ‍ॅलर्जी नसावी. अडकून राहिलेली ओल, साबणाचा अंश आणि घासणे यांचा तो परिणाम आहे, तेव्हा पट्टा रात्री काढून ठेवत जा. पट्ट्यासोबत आलेल्या माहितीपत्रकातही कातडीला अधूनमधून मोकळीक द्यावी असेच छापलेले होते. सल्ला अगदी रास्त होता. अडचण एवढीच, की मी तो पट्टा वापरत होतो तो रात्रीसाठीच.

मग दिवसा काढून फक्त रात्री घालावा, हे कोणालाही सुचेल आणि मी ते केलेही. पण मे महिन्यात लाईट गेलेली रात्र दिवसाहून फार वेगळी नसते. पंखा बंद, वारा पडलेला, उशी ओलसर. दोन वाजता जाग येई ती बहुधा मनगटाच्या खाजेने, आणि सकाळी पट्टा मोठ्या निष्ठेने कळवी की दोन वाजता झोपमोड झाली होती. असे दहा-बारा दिवस झाल्यावर मला शंका येऊ लागली की मी झोप मोजतो आहे की पट्टा.

त्यावर उपाय म्हणून वेल्क्रोचा कापडी पट्टा मागवला. जूनपर्यंत तो उत्तम चालला आणि मी भावाला तसे फोन करून कळवलेही. पुढे पाऊस लागला. दांडीवरचे कपडे जिथे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे रोज आंघोळीत भिजणारा कापडी पट्टा कसा वाळावा? चौथ्या दिवशी त्याला ओल्या पायपुसण्याचा वास येऊ लागला आणि श्रावणात त्याच्या शिवणीवर बुरशीचे काळे ठिपके दिसले. चुलीवरच्या वलणीला टांगून पाहिला, तर वास गेला नाही, वर धुराचा वास तेवढा वाढला.

आणखी एक, तसे किरकोळच. बहुतेक पट्टे नाडी पाहायला हिरवा उजेड वापरतात. खाजेमुळे पट्टा सैल ठेवला की तो उजेड कडेने बाहेर येतो, आणि काळोख्या खोलीत मच्छरदाणीच्या आत काजवा शिरल्यासारखे दिसते. “अहो, तो दिवा विझवा आधी,” हे वाक्य मी त्या वर्षी बरेचदा ऐकले. माझी अंगठी रात्री डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणे वापरते, त्यामुळे घरात शांतता आहे.

अंगठीखाली घाम साचतच नाही असे नाही. साचतो, पण जागा चिंचोळी, आतली बाजू गुळगुळीत, आणि अंगठ्याने सरकवून पंचाला पुसली की काम भागते. सव्वा वर्षात, त्यातल्या एका पूर्ण पावसाळ्यात आणि एका मे महिन्यात, ती मला रात्री काढावी लागली नाही. माझ्या दृष्टीने तुलना तिथेच संपते, तरी अंगठीचे दोष सांगायला हवेत, कारण ते लहान नाहीत.

सर्वांत मोठा दोष हा की हाताने काम करणाऱ्याच्या बोटात ती शोभत नाही. पहिल्याच आठवड्यात पहारेवर नारळ सोलताना नारळ आणि अंगठी यांच्यामध्ये बोटाची कातडी सापडली आणि मुळाशी रक्त साकळले. कोयतीची मूठ, रहाटाचा दोर, कावड, काहीही घट्ट धरले की अंगठी रुतते. माडावर चढणाऱ्याने किंवा होडीवर जाळे ओढणाऱ्याने तर ती कामाच्या वेळी घालूच नये. धातूची कडी दोरात किंवा खिळ्यात अडकली आणि अंगाचा भार तिच्यावर आला, तर बोटाची कातडी सोलून निघते, प्रसंगी बोटही जाते. मी आगरात जाताना अंगठी काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवतो. एकदा ती निर्माल्याबरोबर माडाच्या आळ्यात गेली होती, सुदैवाने सापडली. दिवसाची पावले त्यामुळे नोंदली जात नाहीत, पण ती मला नकोच होती.

पट्ट्याची एक सोय मात्र मला अजून आठवते. पहाटे साडेचारला तो मनगटावर हलकेच थरथरे आणि घरात दुसऱ्या कोणाला जाग येत नसे. माझ्या अंगठीत थरथर नाही आणि पडदाही नाही. काळोखात वेळ पाहायची तरी फोन शोधावा लागतो.

किमतीचे अंतर तर सर्वांना दिसतेच. चांगला पट्टा दोन-तीन हजारांत येतो, अंगठीला मी जवळजवळ चोवीस हजार मोजले. फिनलंडच्या औरा कंपनीने रुळवलेला हा प्रकार आता बंगळूरच्या अल्ट्राह्यूमनसह काही भारतीय कंपन्याही करतात आणि २०२४ मध्ये सॅमसंगनेही तो आणला, त्यामुळे निवड वाढली आहे. मात्र औरासारख्या काही अंगठ्यांना संपूर्ण माहितीसाठी दरमहा वर्गणी पडते, हे घेण्याआधी पाहून ठेवावे. शिवाय अंगठीतली बॅटरी बदलता येत नाही. दोन-तीन वर्षांनी ती थकली की चोवीस हजारांची वस्तू नुसती कडी होऊन उरते, हा विचार मलाही अधूनमधून टोचतो.

चार्जिंगमध्ये पट्टा वरचढ आहे हे कबूल केले पाहिजे. तो बारा-तेरा दिवस चाले, अंगठी जेमतेम पाच. वादळात तारा तुटल्या की इथे दोन-दोन दिवस लाईट नसते आणि तेव्हा पॉवरबँकवर भिस्त ठेवावी, तर अंगठी इतका कमी करंट ओढते की आपल्याला काहीच जोडलेले नाही असे समजून पॉवरबँक थोड्या वेळात आपोआप बंद पडते. हे कळायला मला एक पूर्ण रात्र लागली. अंगठीसोबत फोनही त्याच पॉवरबँकला जोडला की पॉवरबँक जागी राहते. पण खाऱ्या हवेचा हिशेब इथेही आहे: पट्ट्याच्या पाठीवर चार्जिंगसाठी दोन उघडी पितळी टोके होती, त्यांवर दुसऱ्या पावसाळ्यात हिरवट थर चढला आणि दर वेळी जुन्या टूथब्रशने घासल्याशिवाय चार्जिंग सुरू होईना. माझ्या अंगठीला उघडे टोक कुठेच नाही, ती नुसती खोबणीत ठेवायची. समुद्रात जाऊन आल्यावर मात्र दोन्ही गोड्या पाण्याने धुवावीत. ‘५ एटीएम’ (हवेच्या दाबाच्या पाचपट) किंवा ‘५० मीटर’ हा साधनावरचा शिक्का स्थिर पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा असतो. पन्नास मीटर खोल बुडी मारण्याची परवानगी त्यात नाही आणि मिठाबद्दलही तो काही सांगत नाही.

चालणे-धावणे मोजायचे असेल, दिवसभर हातात अवजार असेल, किंवा या प्रकाराचा आपल्याला उपयोग होईल की नाही याचीच खात्री नसेल, तर पट्टा घेऊन पाहावा; माझा पट्टा आता पत्नी सकाळच्या फेरीला घालते आणि घरी आल्याबरोबर काढून खुंटीला लावते, त्यामुळे तिला तो कधी चावला नाही. पण ज्याचा प्रश्न झोपेचा आहे आणि ज्याचे घर किनाऱ्यावर आहे, त्याने पैशांची सोय होत असेल तर अंगठीकडे पाहावे असे मला वाटते. घोरणे आणि श्वास अडखळणे अशी तक्रार असेल तर मात्र दोन्ही सोडून आधी डॉक्टरांकडे जावे.

अंगठी मागवण्याआधी मापाच्या प्लास्टिकच्या कड्यांचा संच येतो. त्यातली कडी एक दिवस आणि एक रात्र बोटात घालून बघावी असे कंपनी सांगते, आणि मी ते तंतोतंत पाळले. फक्त ते केले मे महिन्यात, जेव्हा उकाड्याने बोटे फुगलेली होती. जानेवारीत तर्जनीतली अंगठी गरगर फिरू लागली आणि नोंदीत रोज रात्री तासाभराच्या फटी पडू लागल्या. माप घ्यायचे ते दिवाळीनंतर घ्यावे. माझी अंगठी आता थंडीत मधल्या बोटात असते आणि होळी झाली की पुन्हा तर्जनीत येते.